सुभेदारांचं एक्स्टेन्शन

माझ्या आयुष्यातली पहिली मुलाखत एका पडवीत झाली. ती नोकरीची नव्हती. ज्या भाड्याच्या खोलीत मी वर्षभर राहत होते, तिथे मला आणखी एक वर्ष राहता येईल की नाही, हे त्या मुलाखतीत ठरणार होतं.

घोडेगावातले आमचे घरमालक फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घराच्या मागच्या अंगाला त्यांनी दोन खोल्या काढल्या होत्या. त्या कॉलेजच्या मुलींनाच द्यायच्या, हा त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आग्रह. काकूंना काकू म्हणतो म्हणून पहिल्या दिवशी मी सुभेदारांना काका म्हणून बघितलं. ते म्हणाले, "काका तुज्या गावाला. हितं साहेब म्हणायचं." त्यात राग नव्हता. पाण्याचा नळ कुठे आहे हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

फौजेत जवानाची ठरलेली नोकरी संपत आली की त्याला आणखी ठेवायचं की घरी पाठवायचं, याबद्दल पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरचा शब्द चालतो. सुभेदार त्याला सीओ साहेब म्हणत. वाढवून मिळालेल्या नोकरीला एक्स्टेन्शन. सुभेदारांनी शेवटची बरीच वर्षं सीओ साहेबांच्या बाजूला उभं राहून कोण राहतो आणि कोण जातो ते पाहिलं होतं. म्हणून असेल कदाचित, पण मुदत संपल्यावर एखादी गोष्ट आपोआप पुढे चालू राहते हे त्यांना पटतच नसे. पुढचं वर्ष मागून घ्यावं लागतं, आणि देणाऱ्याने बघून द्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे दर उन्हाळ्यात त्या घरात सगळ्यांची एक्स्टेन्शनं निघत. गोठ्यातल्या गाईचं निघे. परसातल्या आंब्याचं निघे. तो मोहरायचा लई आणि धरायचा थोडा, म्हणून सुभेदार त्याच्याखाली उभे राहून त्याला एक वर्षाची मुदत देत. पडवीतल्या पंख्याचं तर मी स्वतः पाहिलंय. पंखा लावला, खाली खुर्ची टाकून बसले, घाम येतो की जातो ते बघितलं आणि म्हणाले, "मेडिकल कॅटेगरी खाली गेली. घरी." म्हातारी झालेली एक कोंबडी त्यांनी अशीच नामंजूर केली होती, पण काकूंनी ती ठेवली. तेव्हा सुभेदार आम्हाला गंभीरपणे म्हणाले, "वरच्या हेडक्वार्टरनं आपला निर्णय फिरवला. आपन काय बोलायचं नाय."

आम्हा भाडेकरू मुलींची पाळी परीक्षा संपल्यावर यायची. एकेकीने जायचं. चपला बाहेर, हात बाजूला. ते लाकडी खुर्चीत, काकू शेजारी पोत्यावर बसून लसूण सोलत. सुभेदारांचा पहिला प्रश्न ठरलेला, "विलिंग का अनविलिंग?" जवानालाही आधी हेच विचारतात म्हणे. राहायची इच्छा आहे का? इच्छा असेल तर पुढचं बघायचं. डॉक्टर तपासतो, पळवून बघतात, लाल शाई किती ते बघतात. लाल शाई म्हणजे मोठी शिक्षा. ती जवानाच्या कागदावर लाल शाईने चढते आणि एक्स्टेन्शनच्या वेळी सगळ्यात आधी तीच दिसते. आमच्या लाल शाया तोंडीच असायच्या. मोटर चालू ठेवून झोपणं ही एक. घरी उशिरा येणं ही एक. उशिरा येऊन खोटं सांगणं ही मात्र एकदम दोन.

माझी मुलाखत सांगायची तर थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. आमचं गाव डिंभे धरणाच्या वर, डोंगरात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलेलं नाही. वडिलांनी मला पाठवलं ते काकूंना भेटून, काकूंच्या घरातलं देवघर बघून. ही खोली नसती तर दुसरी खोली त्यांनी चालवून घेतली नसती. म्हणजे खोली गेली की कॉलेज गेलं, इतकं सरळ होतं.

आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी मी खोली सोडायचं ठरवून पडवीत गेले होते. पहिल्या सेमिस्टरचा एक विषय राहिला होता. वर्गातल्या मुली भराभर बोलायच्या, मला वाक्य मनात जुळवून होईपर्यंत त्यांचं बोलणं पुढे गेलेलं असायचं. सुभेदारांनी विचारलं, "विलिंग का अनविलिंग?" मी म्हणाले, "अनविलिंग."

काकूंचा हात थांबला. सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "आमच्या एका सीओ साहेबाची सवय व्हती. जवानाला ठेवायचा आसंल का काढायचा आसंल, ते आधी विचारायचे, ह्याच्या जागी कोण येनार? एकाला ठेवला की खालच्या एकाची बढती अडकती. एकाला काढला की ती जागा भरायला मानूस लागतो. आता तू सांग. तू गेलीस तर तुज्या जागी तुमच्या गावातनं कोण येनार हाय?"

मी विचार केला. कुणीच येणार नव्हतं. मी गेल्यावर गावातली पुढची मुलगी बापाला कशाच्या जोरावर सांगेल, हेही मनात आलं. मी मान हलवून कुणी नाही म्हणाले, तशी ते म्हणाले, "मग जागा रिकामी करायची नाय. विलिंग लिव्हतो." लिहायला समोर काहीच नव्हतं. त्यांनी बोटाने हवेत लिहिलं आणि काकूंनी लसूण सोलायला घेतला.

आज मी पुण्यात एम.ए. करतेय. इथे कुणी मला कौतुकाने विचारलं की डोंगरातून इथवर कशी आलीस, तर मी खोलीचं सांगते. पडवीतला तो हवेत लिहिलेला शब्द कसा सांगणार?

सुभेदारांची खरी गंमत पहाटे असायची. तालुक्यातली फौजेच्या आणि पोलिसांच्या भरतीची तयारी करणारी पोरंपोरी त्यांच्याकडे यायची. फी नव्हती. फक्त वेळेवर यायचं. कॉलेज, शेतातली कामं, काही जणांची कंपनीतली पाळी, यामुळे उजाडायच्या आत पळावं लागायचं, आणि कालव्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. आमच्याकडे उसात बिबट्या असणं यात बातमी काही नाही. असतोच. मग सुभेदारांनी रीत काढली. पोरं पुढे पळायची, आणि मागून सुभेदार आपली जुनी गिअरची स्कूटर दिवा लावून हळूहळू चालवत यायचे. पोरांना रस्ता दिसायचा, आणि उजेड-आवाजाने जनावर लांब राहायचं. रस्त्याने चाललेल्या पहिल्या दुधाच्या टेम्पोवाल्यालाही लांबून कळायचं.

मी पळण्यात अगदी सुमार. माझी खोलीतली जोडीदारीण सारिका पोलीस भरतीसाठी पळायची, म्हणून तिच्याबरोबर मीही गेले आणि दुसऱ्याच दिवशी धापा टाकत बसले. सुभेदारांनी मला बघितलं आणि म्हणाले, "हिला क्लार्क करा." तेव्हापासून मी त्यांच्या मागच्या सीटवर बसायचे, एका हातात वेळ बघायला मोबाइल आणि दुसऱ्या हातात उसावर टाकायला बॅटरी. पुढे त्या घरात माझं नाव क्लार्कच पडलं. काकूसुद्धा कधी कधी हाक मारायच्या, "क्लार्क, भाकरी झाली गं."

दिवाळीच्या सुमारास बेल्ह्याहून एक माणूस यायचा. किंचित लंगडत चालायचा. बैलांचा व्यापारी, सोमवारच्या बाजारात त्याला सगळे ओळखत. तो आणि सुभेदार एकाच दिवशी भरती झालेले, एकाच पलटणीत. दोघं पडवीत बसत आणि फारसं बोलत नसत. एकदा मी चहा घेऊन गेले तर तो मला म्हणाला, "पोरी, ह्या मानसानं मला फौजेतनं काढला, ठावं हाय का? तवा ह्यानं माझं दात बघितलं. आता मी बैलांचं बघतो."

सुभेदार हसले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी मला ती हकिकत सांगितली, म्हणजे मी विचारलं म्हणून सांगितली. त्या मित्राचा गुडघा गेला होता, पण त्याने दाखवलं नाही. त्याच्या सेक्शनची, म्हणजे तुकडीची, पोरं त्याच्यावर जीव टाकायची. पळायच्या परीक्षेत दोघं दोन बाजूंनी त्याला रेटायची, चढावर त्याचं सामान कुणीतरी घ्यायचं. कागद स्वच्छ होता. एकही लाल शाई नाही. एक्स्टेन्शनला तो विलिंग होता, आणि घरी घराचं बांधकाम अर्धं. सीओ साहेबांनी सगळे कागद बघून झाल्यावर बाजूला उभ्या सुभेदारांना विचारलं, तुमचं काय मत? सुभेदारांनी गुडघ्याचं सांगून टाकलं.

"माझा दोस्त व्हता," ते मला म्हणाले. "पन गस्तीवर त्याला उचलनारा एखादा कवातरी गेला आसता. आन् त्या पोराला वाटलं आसतं आपन प्रेमानं गेलो."

मी विचारलं, मग सीओ साहेबांनी काय केलं? ते म्हणाले, त्यांनी मित्राला बोलावलं, समोर बसवलं आणि नाही म्हणून तोंडावर सांगितलं, कारणासकट. दुसरे एक सीओ होते, ते नामंजुरी क्लार्ककडून कळवायचे. "तसं नाय करायचं. ज्याला नाय म्हनायचं, त्याच्यासमोर म्हनायचं. त्याला आपलं तोंड दिसलं पायजे."

दोस्त बरेच दिवस बोलला नाही. मग सुभेदारांच्या आजारपणात एकदा येऊन दवाखान्यात बसून राहिला, आणि तेव्हापासून दिवाळीला येतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी सुभेदारांमध्ये एक बदल झाला आणि तो कळायला आम्हाला फार वेळ लागला. ते उजवीकडे बघायचं असलं की मान नाही, सगळे खांदेच वळवायचे. आम्हाला वाटायचं ही फौजी ऐट. जेवताना उजव्या हाताचा तांब्या दोनदा सांडला. काकूंनी तांब्या गुपचूप डावीकडे ठेवायला सुरुवात केली. डोळ्यात रोज थेंब घालायच्या त्या; विचारलं तर म्हणायच्या, "धूळ जाती त्यांच्या डोळ्यात." मागच्या सीटवरून मी "साहेब, उजवीकडं दगड," "साहेब, उजवीकडं कुत्रं," असं म्हणायला लागले होते आणि त्यांनी कधी म्हटलं नाही की मला दिसतंय.

थंडीत एका पहाटे नदीवरून धुकं चढलं होतं. सारिका उजव्या कडेने पळत होती. बुटाची नाडी सुटली म्हणून ती जरा मंदावली. मी बॅटरी उसाकडे धरली होती. स्कूटरचं हँडल तिच्या दंडाला लागलं आणि ती खडीवर हातावर पडली.

सगळे थांबले. सुभेदार स्कूटर सोडून धावले. सारिका उठून बसली होती, मनगट दाबून धरलेलं. तिच्या भरतीत गोळाफेक होती, आणि गोळा फेकायचा तो हाच हात. ती म्हणाली, "मीच अडखळले, साहेब. नाडी सुटली व्हती." सुभेदारांनी प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकजण म्हणाला, ती अडखळली. मला त्यांनी विचारलं नाही.

मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. वैद्याने लेप दिला, पट्टी बांधली. तेव्हा आम्हाला वाटलं, विषय मिटला.

पण दुसऱ्या दिवसापासून पोरं सगळी डावीकडून पळायला लागली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आपोआपच झालं ते. रस्त्याची उजवी बाजू मोकळी, आणि डाव्या कडेला सगळे एकामागे एक, दाटीवाटीने. एकजण तर चिखलातून पळायचा, पण उजवीकडे यायचा नाही. ती पोरं हे सगळं मायेपोटी करत होती, आणि आमच्यातल्या कुणालाच त्यात चूक दिसत नव्हती.

चार-सहा दिवस तसेच गेले. मग एका सकाळी परत येताना सुभेदारांनी स्कूटर थांबवली.

"क्लार्क, पोरं सगळी डावीकडनं का पळत्यात?"

मी म्हणाले, तिकडे रस्ता चांगला आहे.

"चिखल हाय तिकडं," ते म्हणाले. मग उतरून त्यांनी चिखलातले बुटांचे ठसे बघितले. स्कूटर सुरू करताना म्हणाले, "ऐतवारी पडवीत ये. सारिकेला घेऊन ये. एक एक्स्टेन्शन हाय."

मला वाटलं आमच्यापैकी कुणाचं तरी आहे. रविवारी आम्ही गेलो तर त्यांची खुर्ची रिकामी होती. काकू नेहमीच्या जागी, पण हातात काही काम नव्हतं. मागच्या दारातून सुभेदार आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. पडवीच्या पायरीखाली उभे राहिले आणि मला म्हणाले, "खुर्चीत बस."

मी नको म्हणाले. खरंच नको होतं मला ते.

"बस म्हनलं ना. सीओ उभा राहून ऐकत नाय."

मी बसले. खुर्चीच्या टोकावर. ते पायरी चढून वर आले, समोर ताठ उभे राहिले आणि सरळ भिंतीकडे बघत म्हणाले, "पोरांच्या मागं स्कूटर चालवायची ड्यूटी. वर्ष संपलं. आनखी एका वर्षाचं एक्स्टेन्शन मागतोय."

काकू पटकन म्हणाल्या, "अवो, काय पोरखेळ लावलाय. पोरीला कशाला कोड्यात टाकताय?"

"तू मेडिकलला हायस. विचारल्यावर बोल."

मला हसू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. त्यांच्या मानेची शीर ताणलेली दिसत होती. ही ड्यूटी गेली तर त्यांच्याकडे गाय, आंबा आणि पडवी एवढंच उरणार, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. पोरं आल्यापासून ते पहाटेची वाट बघत झोपायचे, असं काकू सांगायच्या.

मी विचारलं, "विलिंग का अनविलिंग?"

"विलिंग, साहेब."

त्यांनी मला साहेब म्हटलं. मी काकूंना डोळ्यांचं विचारलं. काकू पदराने तोंड पुसत म्हणाल्या की काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याचं कडेचं गेलंय आणि गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. थेंब घालायचे ते आहे तेवढं टिकावं म्हणून. गाडी चालवू नका, असंही तो म्हणाला होता.

"हे मला सांगितलं नव्हतंस," सुभेदार भिंतीकडे बघतच म्हणाले.

"तुमच्यासमोरच सांगितलं त्यानं. तुमी ऐकलं नाय."

मग मी सारिकाकडे वळले. त्या पहाटे काय झालं, असं विचारलं. सारिका सुभेदारांकडे बघायला लागली.

"इकडं नाय बघायचं," ते म्हणाले. "सीओकडं बघ."

सारिकाने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. "हँडल लागलं," ती म्हणाली.

आता माझी पाळी होती. मी खोटं सांगणार नाही, माझ्या मनात सोपी वाट आली होती. सहा महिने देऊन टाकावेत. मी जरा जोरात ओरडत जाईन, पोरं डावीकडून पळतील, कुणाला काही होणार नाही. सगळे चहा पितील. काकूंनाही तेच हवं होतं असं मला वाटलं. पण मग चिखलातून पळणारा तो मुलगा डोळ्यांसमोर आला. त्याला काही झालं असतं तर तोही म्हणाला असता की मीच अडखळलो.

मी म्हणाले, "नामंजूर."

"कारन?"

"तुम्हाला उजवीकडचं दिसत नाही, साहेब. आणि पोरं ते झाकतायत. मीसुद्धा झाकतेय. एखाद्या दिवशी आम्हाला झाकता येणार नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. नजर खाली घालावीशी वाटत होती, पण घातली नाही. त्यांचे ओठ एकदा हलले. मग ते मागे वळले, उजव्या खांद्याने खांबाला ओझरते लागले आणि आत गेले. सारिका रडायला लागली. काकू उठून तिच्याजवळ बसल्या.

त्यानंतर बरेच दिवस सुभेदार माझ्याशी बोलले नाहीत. मी नळावर गेले की ते गोठ्यात जायचे. पहाटेचं पळणं बंद पडलं. काही पोरं सकाळी उजाडल्यावर येऊन फाटकापाशी उभी राहायची आणि परत जायची. त्यातल्या एकाने मला विचारलं, "तुजं काय जात व्हतं गं?" मी फाटक लावून घेतलं. उन्हाळ्यात माझं एक्स्टेन्शन आता होत नाही, असं मी धरून चालले होते. वडिलांना काय सांगायचं, याची वाक्यंही जुळवायला लागले होते.

काकूंना मी एकदा म्हणाले, साहेब माझ्यावर रागावलेत. काकू पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "रागवायला काय झालंय. रुसलेत. सगळी नोकरी फौजेत गेली, तिथं रुसायला मिळत नाय. आता घ्या म्हनावं रुसून."

मग एका दुपारी मी कॉलेजातून आले तर स्कूटर अंगणाच्या मधोमध उभी. धुतलेली. सुभेदार शेजारी उभे.

"नामंजूर करून मोकळी झालीस," ते म्हणाले. "जागी कोन येनार, ते सांगितलं नाय. आर्धं काम केलंस. ह्याला सीओ म्हनत्यात?"

मी म्हणाले, मला स्कूटर येत नाही.

"ते दिसतंय. लायसन्स बी नाय. हितं आरटीओचा कॅम्प लागतो, तवा काढायचं. तवर पोरं उजाडल्यावर पळतील. घाई नाय. बस."

बाजारतळावर बाजार नसायचा त्या दिवशी ते मला शिकवायचे. क्लच सोडताना स्कूटर उडी मारायची, मी किंचाळायचे, आणि ते म्हणायचे की लाल शाई वाढतेय. दोनदा मी पडले. एकदा ते माझ्यामागे बसलेले असतानाच आम्ही दोघं जवळच्या उकिरड्यात गेलो. घरी आल्यावर काकूंनी आम्हाला आत घेतलं नाही, आधी नळावर पाठवलं. त्या दिवशी ते पुष्कळ दिवसांनी खळखळून हसले. पण शिकवताना मधेच माझ्या हातातलं हँडल स्वतःच्या हाताने धरून उगीच एकदा पिळायचे. मी तेव्हा दुसरीकडे बघायचे.

लायसन्स यायला उन्हाळा उजाडला. माझी खोली त्या वर्षी कुणी विचारली नाही आणि मीही पडवीत गेले नाही. काकूंनी फक्त सांगितलं, तुझी गादी उन्हात टाक.

लायसन्स आल्यावरच्या पहिल्या पहाटे पोरं पुन्हा कालव्याच्या रस्त्याला जमली. "तुजं काय जात व्हतं" असं मला विचारणारा तो मुलगाही आला होता. मी स्कूटर सुरू केली, दिवा लावला. मागच्या सीटवर सुभेदार बसले, हातात बॅटरी. सुरुवातीला ते सारखे बोलत होते. गिअर बदल, पुढं बघ, ब्रेकवर पाय ठेवून चालवू नको.

पोरं सवयीने डावीकडूनच पळत होती, एकामागे एक. उजवी बाजू रिकामी. थोडं पुढे गेल्यावर सारिकाने मागे वळून बघितलं. दिव्यामुळे तिला मी दिसत नसणार. तिचं मनगट तेव्हा बरं झालं होतं. पळता पळताच ती रस्ता ओलांडून उजव्या कडेला गेली आणि तिथून पळायला लागली. तिच्यामागे एक मुलगा गेला. मग आणखी दोघं गेले.

सुभेदारांनी खांदे उजवीकडे वळवले. मला मागे ते वळताना जाणवलं.

"कोन गेली उजवीकडं?"

"सारिका, साहेब."

"तुला दिसतीय का ती?"

"दिसतेय."

"नीट?"

"नीट दिसतेय, साहेब."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि बॅटरी उसाकडे फिरवली.